जीपची कुंडली मांडून देणारी सेवा: युद्धकाळातील नोंदींचे वाचन आणि माझा अनुभव

आमच्या घरची जीप वडिलांनी १९७४ मध्ये कराडजवळच्या एका ऊसवाहतूक कंत्राटदाराकडून विकत घेतली. तिच्या आरसी बुकात मेक म्हणून ‘विलीज’ आणि उत्पादनाचे वर्ष म्हणून १९५१ असे नोंदलेले आहे. डॅशबोर्डवरील कप्प्याच्या दारावर मात्र एक पाटी आहे आणि तिच्यावर विलीजचा सहा आकडी क्रमांक व सुपूर्दगीची १९४४ मधील तारीख आहे. आरसी बुक खरे मानले तर ही दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी बाजारासाठी बनलेली गाडी ठरते आणि पाटी खरी मानली तर ती युद्धात वापरलेली लष्करी गाडी ठरते. वडील हयात असेपर्यंत हा प्रश्न कोणाला पडला नाही. ते गेल्यानंतर गाडीची पुनर्नोंदणी ‘व्हिंटेज’ म्हणून करावी असे आम्ही भावंडांनी ठरवले, तेव्हा गाडी कोणत्या सालची आणि मुळात कोणती, हे लिहून देणाऱ्या माणसाची गरज निर्माण झाली.

पुण्यातील दोघे जण हे काम करतात. एक लष्कराच्या वाहन कार्यशाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत आणि दुसरे त्यांच्याहून बरेच तरुण अभियंते आहेत. जाहिरातीमुळे येणारे काम दोघांना पेलणार नाही, म्हणून नाव छापू नये अशी विनंती त्यांनी केली आणि ती मी पाळत आहे. जुन्या जीपगाड्या बाळगणाऱ्यांपैकी कोणालाही विचारले तरी त्यांचा पत्ता मिळतो. त्यांनी माझ्याकडून ४,५०० रुपये घेतले, पाच आठवडे लावले आणि अकरा पानांचा अहवाल दिला.

सेवेची सुरुवात एका दूरध्वनीने होते आणि माझ्या मते या सेवेचा अर्धा मोल त्या पहिल्या संभाषणातच आहे. मी उत्साहाने चासीवरचा रंग ग्राइंडरने काढून छायाचित्रे पाठवतो असे म्हणालो, त्यावर ज्येष्ठ गृहस्थ जवळजवळ ओरडलेच. “अहो, ग्राइंडर लावू नका! ठोकलेला आकडा जेमतेम कागदाच्या जाडीइतका खोल असतो, एकदा घासला की गेला.” त्यांनी सांगितल्याप्रमाणे रंग सैल करण्याचे द्रावण लावले, पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ केले, आकड्यांवर खडू चोळला आणि अंधारात बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाकून छायाचित्रे काढली. पन्नास वर्षे आमच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या डाव्या बाजूच्या चासीवर, पुढच्या शॉकॲबसॉर्बरजवळ, ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे आणि त्यांच्यापुढे क्रमांक उमटलेला प्रथमच दिसला. घरातील कोणालाही त्याची कल्पना नव्हती. आमची ‘विलीज’ निदान चासीपुरती तरी फोर्डने बनवलेली होती.

हे कसे घडू शकते, याचा अहवालात चांगला खुलासा आहे. अमेरिकी सैन्याला १९४० मध्ये हलकी टेहळणी गाडी हवी होती. पहिला नमुना पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम कंपनीने त्या वर्षी २३ सप्टेंबरला कँप होलाबर्ड या सैन्याच्या तळावर आणून दिला, परंतु प्रमाणित गाडीचे मोठे काम १९४१ मध्ये ओहायोतील टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडला मिळाले. एका कारखान्याच्या बळावर सैन्याची गरज भागणार नाही हे स्पष्ट होते, म्हणून १० नोव्हेंबर १९४१ रोजी त्याच आराखड्यानुसार गाड्या बनवण्याचा करार फोर्डशी झाला. विलीजच्या गाडीला एमबी म्हणतात आणि फोर्डच्या गाडीला जीपीडब्ल्यू. त्यातला शेवटचा डब्ल्यू विलीजच्या आराखड्याची खूण आहे. युद्ध संपेपर्यंत विलीजने सुमारे ३,६०,००० आणि फोर्डने सुमारे २,७७,००० गाड्या बनवल्या. दोन्हींचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत ही सैन्याची अटच होती. त्यामुळे आघाडीमागच्या कार्यशाळेत इंजिन, गिअरपेटी, धुरे, चाके यांची सर्रास अदलाबदल झाली, आणि ऐंशी वर्षांनंतर आपल्या हाती येते ती गाडी बहुतेक वेळा दोन्ही घराण्यांची असते.

अहवाल वाचताना मला सर्वांत जास्त आवडली ती त्यातील शिस्त. प्रत्येक विधानापुढे समासात ‘नोंद’, ‘खूण’ किंवा ‘अनुमान’ यांपैकी एक शब्द लिहिलेला आहे. कारखान्याच्या किंवा सैन्याच्या कागदावर आधारलेले विधान असेल तर नोंद, गाडीच्या लोखंडावर डोळ्यांनी दिसते त्यावर आधारलेले असेल तर खूण, आणि दोन्ही जोडून काढलेला निष्कर्ष असेल तर अनुमान. सुरुवातीला मला हा पांडित्याचा अतिरेक वाटला होता. तीन-चार पाने वाचल्यावर कळले की युद्धकाळातील वाहनांबाबत होणारे बहुतेक घोळ हे तीन प्रकार एकमेकांत मिसळल्याने होतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे तारीख. इंटरनेटवर असे अनेक तक्ते मिळतात की चासी क्रमांक टाकला की दिवस, महिना आणि वर्ष समोर येते. मीही तसे केले होते. अहवालाने तो तक्ता बाजूला ठेवला आणि कारणेही दिली. विलीजचे उत्पादन एकाच ठिकाणी, टोलेडोला होत असे आणि क्रमांक १,००,००१ पासून चढत गेले, त्यामुळे तिथे क्रमांकावरून काळ ठरवणे बरेचसे विश्वासार्ह ठरते. फोर्डचे तसे नव्हते. डिअरबॉर्न, लुईव्हिल, डॅलस, एजवॉटर, चेस्टर आणि कॅलिफोर्नियातील रिचमंड अशा अनेक कारखान्यांत जीपीडब्ल्यूची जोडणी होत असे. इंजिने डिअरबॉर्नला बनत, तिथून गटागटाने या कारखान्यांकडे रवाना होत आणि ज्या चासीत जे इंजिन बसे त्या चासीवर त्याच इंजिनाचा क्रमांक ठोकला जाई. रिचमंडला जाणारे इंजिन अर्धा देश ओलांडून जाणार आणि डिअरबॉर्नचे तिथल्या तिथे बसणार, म्हणजे मोठ्या क्रमांकाची गाडी लहान क्रमांकाच्या गाडीच्या आधी तयार झालेली असणे अगदी शक्य आहे. म्हणून अहवालात आमच्या गाडीपुढे महिना लिहिलेला नाही. ‘१९४३, बहुधा पूर्वार्ध’ एवढेच लिहिले आहे आणि समासात ‘अनुमान’ असे नोंदवले आहे. आधीच्या तक्त्याने मला दिवसापर्यंत तारीख दिली होती. या अहवालाने दिलेले कमी अचूक उत्तर मला अधिक खरे वाटते.

पाटीवरच्या तारखेचेही तसेच. तिच्यावर जी तारीख असते ती सुपूर्दगीची, म्हणजे सैन्याच्या निरीक्षकाने गाडी ताब्यात घेतल्याची असते. ती गाडी नंतर खोक्यात बंद होऊन जहाजावर चढली, मुंबई किंवा कलकत्ता बंदरात उतरली आणि तिथे तिची पुन्हा जोडणी झाली, यातला कोणताही टप्पा त्या तारखेत येत नाही. “मुंबईत १९४३ साली उतरलेली जीप” असे वर्णन करून विकणाऱ्यांना बहुधा हा फरक ठाऊक नसतो. बॉनेटवर रंगवलेला २० ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ही तर वेगळ्याच वहीतली गोष्ट आहे: तो सैन्याने करारानुसार वाटला, चासीचा क्रमांक कारखान्याने दिला, आणि संग्राहक या दोहोंची जी सांगड घालतात ती आजवर टिकून राहिलेल्या गाड्या व जुनी छायाचित्रे यांच्या आधारे. अमेरिकेच्या उधार-उसनवारीच्या (लेंड-लीज) योजनेखाली ब्रिटिश आणि भारतीय सैन्याकडे आलेल्या जीपला तर ‘एम’ अक्षराने सुरू होणारा निराळाच क्रमांक मिळे. एका गाडीला इतके क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांक वेगळ्या कचेरीने वेगळ्या कामासाठी दिलेला, हे एकदा मनात पक्के झाले की नोंदी वाचण्याची भीती कमी होते.

आता आमच्या पाटीकडे येतो, कारण या सेवेची खरी परीक्षा तिथे झाली. पाटीवरचा विलीज क्रमांक १,१८,००० च्या घरातला आहे. विलीजच्या पहिल्या २५,८०८ गाड्यांना पुढे लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. त्यानंतर, १९४२ च्या वसंतात, फोर्डने काढलेली पत्र्यात दाबलेली नऊ खाचांची स्वस्त आणि हलकी जाळी विलीजनेही स्वीकारली. म्हणजे पाटीवरचा क्रमांक खरा असेल तर ती गाडी १९४१-४२ च्या हिवाळ्यातली असणार आणि तिला पट्ट्यांची जाळी असणार. पाटीवर तारीख मात्र १९४४ ची, आणि आमच्या गाडीला जाळी नऊ खाचांची. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात या दोन विसंगतींवरून पाटी नंतर बनवलेली आहे असा निष्कर्ष काढला होता. पूर्वी एका ठिकाणी आम्ही गाडी रंगकामासाठी दिली होती आणि तिथून ती परत आली तेव्हा ही पाटी तिच्यावर होती, हे मला तेव्हा आठवले. शोभेसाठी बसवली असेल असे समजून कोणी चौकशी केली नव्हती.

मी मसुदा वाचून जाळीची जवळून काढलेली आणखी छायाचित्रे पाठवली. त्यांत खाचांच्या कडा साच्यात दाबलेल्या नसून छिन्नीने कापून कानशीने घासलेल्या आहेत हे दिसत होते. म्हणजे आमची जाळी इथल्याच एखाद्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने बनवलेली होती. दोन दिवसांत अभियंत्यांचा फोन आला. त्यांनी मान्य केले की जाळीला मूळची धरून पाटीबाबत जो युक्तिवाद केला त्याचा एक पाय मोडला, कारण बदललेली जाळी गाडीच्या जन्माविषयी काहीच सांगत नाही. सुधारित अहवालात पाटीविषयीचा निष्कर्ष तोच राहिला, पण आता तो क्रमांक व तारीख यांच्या आपसांतील विरोधावर आणि चासीवरच्या फोर्डच्या क्रमांकावर उभा आहे. या दुरुस्तीसाठी त्यांनी जादा पैसे घेतले नाहीत, आणि दुरुस्ती कशामुळे झाली हेही अहवालात नोंदवून ठेवले. चूक झाली हे खरे आहे. तरीही कारण बदलले की निष्कर्ष पुन्हा तपासायचा, ही सवय मला ज्या माणसांत दिसते त्यांच्यावर मी विश्वास ठेवतो.

लष्करी की नागरी या मुख्य प्रश्नाचे उत्तर अहवालाच्या सहाव्या ते आठव्या पानावर आहे आणि ती तीन पाने मी अनेकदा वाचली. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण विलीजने नागरी सीजे-२ए जीप १९४५ च्या जुलैत, म्हणजे लष्करी एमबीचे उत्पादन पूर्ण थांबण्याच्याही आधी, त्याच टोलेडोच्या कारखान्यात सुरू केली. सुरुवातीच्या नागरी गाड्यांत उरलेले लष्करी भाग वापरले गेले. म्हणजे १९४५ हे साल एकट्याने काहीही सिद्ध करत नाही आणि एखादा लष्करी भाग सापडला म्हणून गाडी लष्करी ठरत नाही. नागरी गाडीला सात खाचांची जाळी, मोठे व बाहेर आलेले दिवे, मागे उघडणारे फळकूट आणि बाजूने पेट्रोल भरण्याचे तोंड होते. लष्करी गाडीत पेट्रोल भरताना चालकाची बैठक उचलावी लागे आणि पुढचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येई. नागरी गाडीची गिअरपेटीही निराळी, अधिक दणकट होती. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीजकडून सुट्या भागांतल्या ७५ गाड्यांची पहिली खेप मागवली आणि पुढे मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली, त्यामुळे १९५० च्या सुमारास महाराष्ट्राच्या रस्त्यांवर सैन्याच्या डिस्पोजलमधून, म्हणजे नको असलेल्या गाड्यांच्या विक्रीतून, आलेल्या जुन्या जीप आणि नव्या नागरी जीप शेजारी शेजारी धावत होत्या. आरसी बुकात दोन्हींपुढे ‘विलीज जीप’ असेच लिहिले जाई.

आमच्या गाडीबाबत अहवालाने जाळी आणि दिवे बाजूला ठेवले, कारण दोन्ही बदललेले आहेत. त्यांनी चासीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर भर दिला: विलीजच्या चासीत तो गोल नळीचा असतो आणि फोर्डच्या चासीत उलट्या पन्हळीसारखा चौकोनी. आमचा चौकोनी आहे. ओढणीच्या हुकावर आणि चासीच्या अनेक बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचे वळणदार ‘एफ’ अक्षर आहे. फोर्डने नागरी बाजारासाठी ही जीप कधीच बनवली नाही, त्यामुळे चासी फोर्डची ठरली की ती युद्धकाळातील लष्करी गाडीची चासी असल्याचे आपोआप ठरते. हा साधा तर्क मला कोणत्याही तक्त्यात सापडला नव्हता. आरसी बुकातले १९५१ हे गाडी डिस्पोजलमधून बाहेर पडून नागरी नोंदणीत आल्याचे वर्ष असावे, असे अहवाल म्हणतो आणि समासात पुन्हा ‘अनुमान’ असे लिहितो.

इंजिनाच्या भागाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण खरेदी-विक्रीत यावरच सर्वाधिक फसगत होते. आमचे इंजिन विलीजचे निघाले. इंजिन आणि चासी यांचे क्रमांक जुळतात असे सांगून काही विक्रेते जास्त किंमत मागतात. फोर्डच्या जीपीडब्ल्यूबाबत ही कसोटी योग्य आहे, कारण तिथे दोन्हींवर एकच क्रमांक होता. विलीजने मात्र इंजिनांना आणि चासींना स्वतंत्र क्रमांक दिले, त्यामुळे विलीजच्या गाडीत दोन्ही क्रमांक तंतोतंत सारखे दिसले तर समाधान मानण्याऐवजी आकडा कोणी नंतर ठोकला का हे पाहावे लागते. हा परिच्छेद प्रत्येक खरेदीदाराने वाचावा असे मला मनापासून वाटते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भारतात आल्यानंतर गाडीचे काय झाले, कोणत्या तुकडीकडे ती होती, कोणत्या लिलावात विकली गेली, याविषयी अहवालात जेमतेम अर्धे पान आहे, आणि तेही सर्वसाधारण माहितीचे. उपलब्ध कागदांतून याहून अधिक निघत नाही हे मी समजू शकतो, तथापि हे पैसे भरण्यापूर्वी सांगितले असते तर माझ्या आईला, जिला याच भागाची सर्वांत जास्त उत्सुकता होती, निराश व्हावे लागले नसते. छापील प्रतीतली छायाचित्रे काळपट आहेत आणि खडूने उठवलेले आकडे त्यांत वाचता येत नाहीत. संगणकावरील प्रत मात्र उत्तम आहे. कंत्राटांविषयीच्या पानावर ‘क्यूएम’ आणि ‘ओआरडी’ ही अक्षरे काहीही न सांगता वापरलेली आहेत. मला विचारावे लागले, तेव्हा कळले की १९४२ च्या ऑगस्टपर्यंत गाड्यांची खरेदी क्वार्टरमास्टर खात्याकडे होती आणि नंतर ती ऑर्डनन्स खात्याकडे गेली, म्हणून कंत्राट क्रमांकांतील अक्षरेही बदलली. नोंदी वाचणाऱ्याला ही माहिती पहिल्या पानावर हवी होती.

ते गाडीची किंमत ठरवून देत नाहीत आणि ‘अस्सल’ हा शब्द कुठेही लिहीत नाहीत, अशी तक्रार काही जणांनी माझ्याकडे केली. मला ती तक्रार वाटत नाही. आमच्या गाडीत फोर्डची चासी, विलीजचे इंजिन, इथेच घडवलेली जाळी आणि इथेच ठोकून सरळ केलेला पत्रा आहे. या सगळ्याला एका शब्दात बसवणे कोणालाही शक्य नाही, आणि तसा शब्द लिहून दिला असता तर मी अहवालातील बाकी विधानांवरही विश्वास ठेवला नसता.

व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे केंद्रीय नियम ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना लागू होतात आणि अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. आमची गाडी १९४३ ची धरली काय किंवा १९५१ ची धरली काय, वयाच्या अटीत बसतेच. अहवालाचा उपयोग झाला तो चासी क्रमांकाच्या बाबतीत: आरसी बुकात चासी क्रमांकाच्या जागी पूर्वी कोणीतरी इंजिनाचाच क्रमांक लिहून ठेवला होता, आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठीच्या अर्जाला ही अकरा पाने व आकड्यांची छायाचित्रे जोडता आली. अर्जाचा निर्णय अजून व्हायचा आहे.

ज्यांच्याकडे फोर्डची किंवा विलीजची युद्धकाळातली जीप आहे आणि चासीवरचा आकडा अजून रंगाखाली शाबूत आहे, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. गाडी महिंद्रांची नंतरच्या काळातली आहे हे आधीच ठाऊक असेल तर ४,५०० रुपये खर्च करण्याचे कारण नाही. पाच आठवडे धरून चालावे, आणि फोन केल्याशिवाय चासीला हात लावू नये.

ती पाटी आम्ही कप्प्याच्या दारावरून काढली आहे. तिच्या खाली जुन्या स्क्रूंची चार छिद्रे निघाली, नव्या पाटीच्या छिद्रांपेक्षा किंचित जवळजवळ असलेली. त्यांचे छायाचित्र मी पुण्याला पाठवले आहे.